जकाल्लातील परक्यांची वस्ती

काल्पनिक नगरीविषयी या पानांतून लिहावे की नाही, याबद्दल मी बरेच दिवस घुटमळत होतो. ज्यांच्या वस्तीला अजून धड नळ नाही, त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या शहरांचे नकाशे कशाला तपासावेत, असा प्रश्न एका कार्यकर्त्या मित्राने मला केलाच. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की खरे शहर माणसाला वारशाने मिळते. त्यातला तट, वेस, पेठ, पांढरी ही सगळी आधीच्यांनी घालून ठेवलेली असतात. काल्पनिक शहर मात्र कोऱ्या कागदावर उभे राहते. तेथे तट बांधण्याची सक्ती लेखकावर कोणी केलेली नसते. तरीही तट येतो, आणि तटापाठोपाठ तटाबाहेरची वस्तीही येते. ती का येते आणि आल्यावर तिचे काय करायचे, हे विचारणे मला साहित्यसमीक्षेचेच काम वाटते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो. एक जण सूत्रधार असतो, पोरे त्याला 'डीएम' म्हणतात. पात्रांभोवतीचे सारे जग तो सांभाळतो. तुम्ही काय करता ते सांगायचे, फासे टाकायचे, काय घडले ते सूत्रधार सांगतो. जिंकणे-हरणे असे काही नाही. आरंभी हा खेळ बहुतांशी भुयारांत चालत असे : दार उघडा, राक्षस मारा, खजिना उचला. मग खेळणाऱ्यांना शहर हवेसे झाले. खजिना विकायला बाजार हवा, जखमा बांधायला वैद्य हवा. १९७६ साली 'जजेस गिल्ड' या प्रकाशनाने 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' हे नगर बाजारात आणले. त्यात गल्लीगल्लीतील दुकाने आणि दुकानदार नोंदवलेले होते. तेथून ही हौस वाढत गेली ती २००६ सालच्या माँटी कुक यांच्या 'टॉलस'पर्यंत. एका शहरावर ६७२ पानांचा ग्रंथ! समासात कोणता मजकूर कोणत्या पानाशी जोडलेला आहे याच्या खुणा आहेत, म्हणजे सूत्रधाराला भर खेळात पाने शोधता यावीत.

एवढा तपशील टेबलावर करायचा काय? माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि रविवारी आपल्या भाड्याच्या खोलीवर हा खेळ चालवते. तिच्या पहिल्या प्रयोगाला मी नुसता बघायला बसलो होतो. तिने नगराचे वर्णन वाचायला घेतले : घाट, बुरूज, मंदिरांचे कळस, सुगंधी द्रव्यांची बाजारपेठ. पाचव्या मिनिटाला एकाने मोबाइल काढला. सातव्या मिनिटाला दुसऱ्याने. मी शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले आहे. वर्ग हातचा निसटतो तो क्षण मला न बघताही कळतो. खेळ संपल्यावर तिला म्हटले, "तू त्यांना शहर दाखवतेस. त्यांना शहरात काही अडत नाही." ती जरा रागावली, पण पुढच्या खेपेस तिने वर्णन गुंडाळून ठेवले आणि मलाच एक पात्र देऊन बसवले. नगर होते जकाल्ला.

जकाल्लाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सगळ्या परंपरेत ते सर्वांत विद्वत्तेने रचलेले आणि म्हणून सर्वांत अडचणीचे नगर आहे. 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ १९७५ साली निघाला. कर्ता एम. ए. आर. बार्कर, भाषाशास्त्राचा प्राध्यापक. जन्म १९२९, अमेरिकेतला. १९५१ साली शिष्यवृत्तीवर भारतात आला, येथे असताना त्याने इस्लाम स्वीकारला, पुढे उर्दू आणि बलुची शिकविणारी पुस्तके लिहिली, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाच्या अभ्यासाचे काम केले. म्हणजे हा माणूस आपल्याकडचा समाज प्रत्यक्ष पाहून गेलेला. त्याने रचलेल्या 'टेकुमेल' या जगात युरोपातले सरदार आणि किल्ले नाहीत. तेथे प्राचीन मेक्सिको, मिसर, अरबस्तान आणि हिंदुस्थान यांच्या छाया आहेत. 'त्सोल्यानू' या साम्राज्याची भाषा त्याने व्याकरणासकट घडवली. जकाल्ला हे त्या साम्राज्याचे दक्षिणेकडचे बंदर.

या खेळात नवा खेळाडू कोण असतो? तो नावेतून बंदराला लागलेला परका रानटी माणूस असतो. त्याला परक्यांच्या वस्तीतच राहावे लागते. नगरात मनास येईल तेथे फिरण्याची त्याला मुभा नाही. रीत माहीत नसताना मोठ्या माणसाचा अवमान झाला तर सुळावर चढण्याची पाळी येऊ शकते. कोणीतरी बोलावून काम सांगेपर्यंत थांबायचे, काम करून विश्वास मिळवायचा, मग हळूहळू नगर उघडते. सूत्रधाराच्या दृष्टीने ही युक्ती उत्तमच आहे. खेळाडूला नगराची माहिती नसते, त्याच्या पात्रालाही नसते. दोघे एकदमच शिकत जातात. अमेरिकेतल्या कॉलेजकुमाराला हा अनुभव नवा आणि चुरचुरीत वाटला असेल. मला तो नवा नव्हता.

काय झाले ते सांगतो. माझे पात्र नावेतून उतरले. भाची बंदरावरचा कारकून झाली होती. तिने विचारले, "नाव काय रे तुझे? कुठून आलास?" भाची मला लहानपणापासून "मामा, तू" असेच म्हणते, त्यामुळे तिच्या 'तू'चे मला काही वाटले नाही. पण मी उत्तर दिले ते, "जी, आपण म्हणाल तिथे राहतो." हे मी ठरवून बोललो नाही. ते तोंडातून आपोआप आले, आणि आवाजही माझा नव्हता. माझे वडील गावच्या पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराला 'जी' म्हणत, त्या वेळी त्यांचा जो आवाज होई, तो होता. भाची फासे हातात धरून तशीच बसली. तिने तिच्या आजोबांना पाहिलेले नाही. बाकीची पोरे "भारी बोललास काका" म्हणाली आणि खेळ पुढे गेला.

घरी आल्यावर मी पुस्तके पुन्हा काढली. त्सोल्यानी भाषेत समोरच्याला 'तू' म्हणण्यासाठी अनेक रूपे आहेत. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, कोणाचे कुळ वरचे, यावरून रूप ठरते. इंग्रजीत खेळणाऱ्यांना हे पुस्तकातून समजून घ्यावे लागते, कारण त्यांच्या भाषेत सगळ्यांना एकच शब्द. तो नियम त्यांच्या टेबलावर बहुधा मेलेलाच राहत असणार. मराठी टेबलावर त्याला पान उलटावे लागत नाही. अरे, अहो, आपण, जी, मायबाप, हे सगळे आमच्या जिभेवर आहे. बार्करने वर्षानुवर्षे खपून जे रचले ते खेळण्याची तयारी आमच्याकडे पिढ्यान्पिढ्यांची आहे. याचा अभिमान बाळगावा की लाज, मला अजून ठरवता आलेले नाही. खेळाच्या दृष्टीने मात्र ही मोठी शक्ती आहे. तपशील कसा वापरावा याचा मला मिळालेला पहिला धडा हाच : नगराचे वर्णन सांगू नये, नगर पात्रांशी कसे बोलते ते बोलून दाखवावे. द्वारपालाच्या एका 'काय रे'मध्ये पाच पाने मावतात.

आता जकाल्लाची समाजरचना. माणूस तेथे कुळात जन्मतो. कुळे उंच, मध्यम, नीच अशी लागलेली आहेत, आणि कुळाकुळाला आपापले उद्योग आहेत. चांगले-वाईट अशी नीती नाही. 'उदात्त' कृत्य आणि 'हीन' कृत्य अशी आहे. आपले कुळ, आपले दैवत, आपला दर्जा यांना शोभेल ते उदात्त. न शोभेल ते हीन. कोणाचा खून झाला तर 'शाम्त्ला' नावाची भरपाई देऊन प्रकरण मिटवता येते. गुलामगिरी कायदेशीर आहे. हे वाचताच आपला एखादा तरुण वाचक म्हणेल, ही तर चातुर्वर्ण्याची नक्कल! मलाही प्रथम तसेच वाटले. पण घाईने असा शिक्का मारणे योग्य होणार नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीची ओळख सांगितली ती 'बंदिस्त वर्ग' अशी. जकाल्लातील कुळ बंदिस्त नाही. परक्यालाही एखादे कुळ दत्तक घेऊ शकते. पैसा, पराक्रम, वशिला यांनी वर चढता येते. कुळ आपल्या गरीब सभासदाला उपाशी ठेवत नाही. आणि स्त्रीला 'अरिदानी' असल्याचे जाहीर करता येते. तसे केल्यावर ती कायद्याने पुरुषाच्या बरोबरीची होते, आपले व्यवहार आपण करते. १९७५ सालच्या खेळातल्या बायका बहुधा सोडवून आणण्यासाठीच असत. ते ध्यानात घेता ही कल्पना लहान नाही.

मग खटकते ते काय? उतरंड दाखवली म्हणून मला खटकत नाही. उतरंड नसलेले प्राचीन नगर खोटे वाटले असते. अलीकडे काही खेळांतून सगळी विषमता पुसून टाकण्याची रीत आली आहे. नगर स्वच्छ, माणसे गोड, कोणी कोणाला काही म्हणत नाही. त्यामागचा हेतू चांगला आहे, पण अशा नगरात माझ्यासारख्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. जकाल्लात खटकते ती लेखकाची नजर. 'स्वस्थानी राहून केलेले कर्म ते उदात्त' या तत्त्वाकडे तो कौतुकाने पाहतो. वरच्या कुळांची नावे, वस्त्रे, पूजाविधी, भोजने यांचे वर्णन करताना त्याची लेखणी थकत नाही. खाली आली की ती लगेच आटोपते घेते. त्सोल्यानूमध्ये एक प्रथा आहे, 'दित्लाना' नावाची. दर पाचशे वर्षांनी नगर जमीनदोस्त करून भरावाने बुजवायचे आणि त्यावर नवे बांधायचे. म्हणून प्रत्येक जुन्या नगराखाली जुन्या नगरांचे थर आहेत आणि त्या थरांत खेळाडूंची भुयारे. कल्पना भव्य आहे. खेळातल्या भुयारांना इतके चांगले कारण दुसऱ्या कोणी दिलेले मला माहीत नाही. परंतु संपूर्ण नगर बुजवायचे म्हणजे किती माती? ती कोणी खणली, पाट्या कोणाच्या डोक्यावर होत्या, पाडकाम चालले असताना त्या पाटीवाल्यांची पोरे कोठे झोपत होती? मी शोधले. देवांच्या नावांनी पाने भरलेली आहेत. पाटीवाला मला कुठे भेटला नाही.

याच्या शेजारी 'वॉटरडीप' ठेवून पाहावे. हे एड ग्रीनवुड या कॅनडातील लेखकाचे नगर. १९८७ सालापासून त्यावर पुस्तके निघत आली आहेत, १९८८ साली नुसत्या नगरासाठी मोठाल्या नकाशांची पेटी निघाली, आणि २०१८ साली 'ड्रॅगन हाइस्ट' ही मोहीम. वॉटरडीप हे व्यापाऱ्यांचे नगर, त्यामुळे सगळ्या धंद्यांचे संघ आहेत. त्या यादीत जवाहिऱ्यांच्या बरोबरीने एक संघ आहे तो रस्त्यावरचे शेण आणि कचरा उचलणाऱ्यांचा. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसाच बसलो. आमच्याकडे डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली दुसरा कायदा करावा लागला, आणि त्यानंतरही माणसे गटारांत उतरून मरत राहिली. आणि या राक्षस-पऱ्यांच्या नगरात झाडूवाल्याला सनद आहे, संघ आहे. जन्माची अट मला कोठे दिसली नाही! ग्रीनवुडने हे काही क्रांती म्हणून लिहिलेले नाही. यादी पुरी करायची म्हणून लिहिले असेल. पण यादी पुरी करण्याची इमानदारी हीसुद्धा लेखकाची एक नीती असते, आणि बार्करच्या विद्वत्तेत ती कमी पडली असे माझे मत आहे.

अर्थात वॉटरडीपचेही पितळ त्याच्या कायद्यात उघडे पडते. 'ड्रॅगन हाइस्ट'मध्ये नगराची दंडसंहिता दिली आहे. तिचे भाग पाडले आहेत ते गुन्ह्याच्या प्रकाराने नव्हेत, तर गुन्हा कोणाविरुद्ध झाला त्यावरून. आधी नगराधीश, अधिकारी आणि उमराव, मग नगर, मग देव, आणि अखेरीस साधा नागरिक. स्मृतिग्रंथांची ओळख असलेल्याला ही मांडणी समजावून सांगण्याची गरज नाही. चांगला सूत्रधार या पानाचे सोने करील. भाचीने केले. आमच्यातल्या एकाने दारूच्या गुत्त्यात दोन माणसांना ठोसे लगावले. एक हमाल, एक उमरावाचा मुलगा. कृत्य एकच, रात्र एकच. सकाळी न्यायाधिकाऱ्यासमोर दोन वेगवेगळी पाने उघडली गेली. त्यानंतर टेबलावर जी चर्चा झाली ती मी शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला कधी घडवू शकलो नाही.

या मोहिमेतली आणखी एक गोष्ट मला आवडते. खेळाडूंना आरंभीच गल्लीतली एक पडकी खानावळ बक्षीस मिळते. ती झाडायची, छप्पर शाकारायचे, शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायचे, संघांच्या मागण्या पुरवायच्या. मग तेवढी गल्ली आपली होते. साऱ्या नगराचा नकाशा भिंतीवर राहिला तरी चालतो. गावात ज्याच्या नावावर चतकोर जमीन नव्हती अशा घरातून आलेल्या मला काल्पनिक का होईना, घराची सनद हातात येण्याचे अप्रूप वाटले हे कबूल करतो.

'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७ सालच्या खेळाविषयी थोडक्यातच लिहितो. त्यातले 'डॉस्कव्होल' नगर पुस्तकात मुद्दाम विरळ रेखाटले आहे. भागांची थोडी ओळख, त्यात वावरणाऱ्या टोळ्या आणि प्रत्येक टोळीला काय हवे आहे एवढे. बाकी टेबलावर रचायचे. तेथे माणूस मेला की घंटा वाजते, एक कावळा प्रेताच्या शोधात उडतो, आणि कांस्याचे मुखवटे घातलेले अधिकारी प्रेताची विल्हेवाट लावायला येतात. लोक त्यांना भितात आणि वाट देतात. आमच्या गावी मर्तिकाची वर्दी घेऊन कोसकोस पायपीट करणारा, मेलेले जनावर ओढून नेणारा माणूस कोण होता आणि त्याला कोणती वाट मिळत होती, हे या वाचकांना मी काय सांगावे? काम तेच. जॉन हार्पर या लेखकाने त्या कामाला मुखवटा आणि दरारा दिला. काम हलके म्हणून माणूस हलका, हा न्याय सृष्टीने घालून दिलेला नाही, हे असे कधीकधी खेळाच्या पुस्तकातून अचानक समोर येते.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिणे लांबत गेले तिच्याकडे वळतो. बार्कर २०१२ साली वारला. मार्च २०२२ मध्ये त्याच्या वाङ्मयाचा सांभाळ करणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच जाहीरपणे मान्य केले की १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली 'सर्पंट्स वॉक' ही नाझी विचारांचा उदोउदो करणारी कादंबरी बार्करची होती. ती छापली होती अमेरिकेतील नवनाझी संघटनेच्या प्रकाशनाने. ज्यूंचा संहार झालाच नाही असे सांगणाऱ्या एका नियतकालिकाच्या संपादकीय सल्लागारांत त्याचे नाव होते, हेही पुढे आले. हिंदुस्थानात येऊन इस्लाम स्वीकारणारा, आदिवासींच्या आणि बलुचींच्या भाषा शिकणारा माणूस हे करतो! विद्वत्ता आणि परदेशप्रवास माणसाला उदार करतातच, या भाबड्या समजुतीला मी स्वतः पुष्कळ वर्षे चिकटून होतो.

येथे दोन सोपे मार्ग आहेत. कलावादी म्हणतील, कर्ता वेगळा, कृती वेगळी. खेळा आणि विसरा. दुसरे म्हणतील, पुस्तके जाळा. पुस्तके जाळण्याविषयी आपण बोलताना सावध असावे. महाडला १९२७ साली जे जाळले गेले ते माणसांना बांधणारे धर्मशास्त्र होते, कुणाच्या करमणुकीचा ग्रंथ नव्हे. आणि विसरण्याविषयी म्हणायचे तर मला ते शक्य नाही. १९७५ सालच्या जकाल्लात नाझीवाद लपलेला आहे असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा मला दिसत नाही, आणि पुढची माहिती मागे नेऊन प्रत्येक दगडाखाली साप शोधणे ही समीक्षा नव्हे. पण उतरंडीत रमणारी, शिस्तीने दिपणारी, पाटीवाल्याला ओलांडून जाणारी ती नजर मला २०२२ पूर्वीही खटकत होती. आता तिचा पुढचा रस्ता कोठवर जाऊ शकतो ते मला ठाऊक झाले आहे. त्यामुळे नव्याने पैसे मोजून ती पुस्तके कोणी घ्यावीत असे मी सांगणार नाही. जी हाती आहेत ती खालून वाचावीत.

'खालून वाचणे' म्हणजे काय, ते भाचीनेच करून दाखवले. तिला बार्करची हकीकत सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, नगर त्याचं असेल, पण रविवार माझा आहे." पुढच्या रविवारी तिने नकाशावर एक पारदर्शक कागद ठेवला आणि आम्हा सगळ्यांना विचारले, परक्यांच्या वस्तीत पाणी कोठून येते? कोणाला सांगता येईना, नकाशावर नव्हतेच. तिने कागदावर एक विहीर काढली. वस्तीच्या आत नाही, वेशीच्या पलीकडे, एका मध्यम कुळाच्या आवारात. त्या एका विहिरीवर आमचे पुढचे चार रविवार गेले. पाणी कोणी, किती वाजता, कोणाच्या परवानगीने भरायचे. पहारेकऱ्याला काय द्यायचे. आमच्यातल्या ज्या पात्राने अरिदानी स्त्रीशी ओळख वाढवली होती त्याचा उपयोग कसा करायचा. राक्षस एकही आला नाही आणि मोबाइलही कोणी काढला नाही. त्यातला एक मुलगा ज्या घरातून येतो तेथे आजीचा माठ अजून वेगळा ठेवतात, असे तो चहा पिताना सहज बोलून गेला आणि मग एकदम थांबला. त्याला कोणी काही म्हटले नाही. भाचीने फासे त्याच्यापुढे सरकवले.

सध्या आमचा खेळ येथे आहे : त्या विहिरीच्या मालक कुळाने माझ्या पात्राला दत्तक घेण्याची तयारी दाखवली आहे. नवे नाव मिळेल, कुळाच्या भोजनगृहात पान मिळेल, कारकून 'अहो' म्हणेल. अट एवढीच की परक्यांच्या वस्तीत पुन्हा पाऊल टाकायचे नाही. भाची दर दोन दिवसांनी फोनवर विचारते, "मामा, तुझा माणूस जाणार की नाही? मला तयारी करायची असते." मी अजून तिला काही सांगितलेले नाही.